काटे सारखे, कुळे निराळी



धुऱ्यावरच्या कुंपणात उभा असतो तो निवडुंग, पडीक जागी पसरतो तो फड्याही निवडुंग, आणि शाळेच्या व्हरांड्यात कुंडीत बसलेला लिंबाएवढा गोल गड्डा, तोही निवडुंगच. मग हे तिघे एका घरचे का? नाही.

कुंपणाच्या तीनधारी निवडुंगाचा आप्त म्हणजे आपला एरंड. फड्या आणि तो गोल गड्डा मूळचे अमेरिकेतले, खरे कॅक्टस. त्यांची जवळची नातलग कोण म्हणाल, तर रानातली घोळ! पाणी साठवण्याची निकड दोन्ही कुळांना पडली. पाने गेली, खोड फुगले, काटे आले. रूप जुळले, पण रक्त जुळले नाही.

मग ओळख कशी पटवावी? काट्याच्या बुडाशी लोकरीसारखी बारीक गादी असेल, तर तो कॅक्टस. तीनधारीचे काटे जोडीजोडीने येतात, गादीवाचून. चिकावर मात्र विसंबू नये; काही गोल जातींनाही दुधासारखा चीक असतो.

लिनिअसने १७५३ साली सगळे कॅक्टस एकाच वंशात घातले होते. पुढे १८१२ साली हावर्थने मुख्यतः मेक्सिकोतल्या गोल जातींचा ‘मॅमिलारिया’ हा वंश वेगळा काढला. यांच्या अंगावर धारा नसतात, बोंडासारखे उंचवटे असतात. काटे उंचवट्याच्या टोकावर, तर फुले उंचवट्यांच्या बेचक्यातून, बहुधा माथ्याभोवती कडे करून. २०२१ साली जनुकांच्या अभ्यासावरून यांतल्या काही जाती ‘कोकेमिया’ वंशात हलवल्या गेल्या. तेव्हा वर्गीकरण म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. पुरावा मिळेल तशी ती सरकते.

याचा आपल्याला उपयोग काय? कूळ कळले की धोका कळतो. फड्याची बारीक कुसळे कातडीत रुततात. ती चिमट्याने काढावी लागतात. तीनधारीचा चीक डोळ्यात उडाला, तर काही काळ दिसेनासे होऊ शकते. अशा वेळी डोळा चोळू नये, लगेच स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवावा आणि दवाखाना गाठावा. कुंपण छाटताना पोरांना दूर ठेवा.

गुरुजनहो, मुलांच्या हाती भिंग द्या आणि कुंडीतल्या गड्ड्यावरची गादी दाखवा. कोयता मात्र देऊ नका. काटा मोजण्याआधी त्याचे बूड पाहावे, एवढे मुलांच्या ध्यानी आले तरी पुष्कळ झाले.