हिवाळ्यांत रानांतून सायकलीवर



चंद्रपूरकडचा मनुष्य थंडीविषयीं बोलूं लागला कीं परगांवच्या पाहुण्यास हंसूं येतें. मे महिन्यांत पारा ४५ अंशांपलीकडे नेणारा हा मुलूख. त्याला थंडीची काय ओळख, असें त्यास वाटतें. त्या पाहुण्यानें पौषांतील एक पहाट वैनगंगेच्या कांठीं काढावी. सागाच्या पानांवरून दंव पावसासारखें टपटपत असतें, कापणी झालेल्या धानाच्या बांध्यांवर धुकें बसलेलें असतें, आणि पारा कित्येकदां १० अंशांच्याही खालीं गेलेला असतो. उन्हाळ्याला सरावलेल्या आमच्या अंगाला ही थंडी अधिकच झोंबते.

माझी बहुतेक नोकरी कुरखेडा-कोरचीच्या बाजूस, म्हणजे १९८२ सालीं चंद्रपुरापासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यांत, मास्तरकींत गेली. शाळा सकाळची आणि एस्. टी. ची गाडी दुपारची. तेव्हां सायकलीवांचून गति नव्हती. रानांतल्या मुरमाच्या वाटेनें हिवाळ्यांत सायकल कशी चालवावी, हें मला कोणीं शिकविलें नाहीं. जें शिकलों तें धडपडून शिकलों.

गेल्या डिसेंबरांत माझा भाचा पुण्याहून आला. डोंगरांत चालविण्याची रुंद चाकांची, पुष्कळ गिअरांची सायकल त्यानें बरोबर आणली होती. आमच्या रानांत चार दिवस भटकावें असा त्याचा बेत. रात्रीं त्यानें आपला सरंजाम खाटेवर मांडला. पिसें भरलेलें गादीसारखें जाकीट, लोंकरी मफलर, आणखी कायकाय. म्हणाला, "मामा, पहाटे साडेचारला निघूं." मीं सांगितलें, "बाबा रे, आधीं सूर्याला निघूं दे, मग आपण निघूं."

हें मीं आळसानें म्हटलें नव्हतें. चंद्रपूर-मूल रस्ता असो कीं गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाणारा असो, पहाट आणि तिन्हीसांज ही वाघाच्या फिरण्याची वेळ. उभ्या माणसाला वाघ जितका ओळखतो तितका वांकलेल्या माणसाला ओळखत नाहीं, असें रानांतलीं माणसें सांगतात. आणि सायकलस्वार तर वांकलेलाच असतो. ताडोब्याच्या गाभ्यांत सायकल नेतांच येत नाहीं, पण वाघ कांहीं गाभ्याची हद्द वाचून चालत नाहीं. साडेसातनंतर, उजेडांत, दोघांतिघांनीं मिळून निघावें. तेवढ्यानें थंडीचाही निम्मा जोर मोडतो.

आतां कपड्यांविषयीं. सायकलस्वाराची थंडी दुहेरी असते. एक हवेची आणि दुसरी त्यानें स्वतः उत्पन्न केलेली. पान हलत नसलें तरी ताशीं २० किलोमीटर वेगानें जाणारा आपल्यापुरता वारा निर्माण करतो. सिपल आणि पॅसेल या दोन अमेरिकन संशोधकांनीं दक्षिण ध्रुवाकडील बर्फाळ प्रदेशांत, निरनिराळ्या वाऱ्यांत पाणी किती वेळांत गोठतें हें मोजून या गोष्टीचें गणित मांडलें. १९४५ सालीं तें प्रसिद्ध झालें. २००१ सालीं सुधारलेल्या कोष्टकाप्रमाणें १० अंशांची हवा अशा स्वाराच्या उघड्या तोंडाला सुमारें ७ अंशांसारखी लागते. उतारावर वेग दुप्पट झाला कीं ६ अंशांसारखी.

मग जाडजूड कपडा घालावा, असा निष्कर्ष कोणीही काढील. मींही एकदां काढला होता. त्याची खूण अजून माझ्या उजव्या गुडघ्यावर आहे.

बेडगांवचा घाट चढत होतों. अंगांत सुती बनियन, त्यावर सदरा, त्यावर एका स्नेह्याचा उसना बनातीचा कोट, गळ्यापर्यंत बटणें लावलेला. अर्ध्या चढावर घाम फुटला, पण उतरून कोट काढण्याचा कंटाळा केला. माथ्यावर पोंचलों तेव्हां बनियन पिळून काढण्याजोगें झालें होतें. तेथें थोडा थांबलों आणि उताराला लागलों. वारा बाह्यांतून आंत शिरला, ओलें बनियन पाठीला चिकटलें, दांतावर दांत वाजूं लागले. आणि वळणावर ब्रेक दाबूं गेलों तों बोटें मिटेनात! तीं माझींच बोटें आहेत हें मला दिसत होतें, पण तीं माझें ऐकत नव्हतीं. सायकल मुरमांत घसरली आणि मी बांबूच्या बेटांत जाऊन पडलों. समोरून त्या वेळीं गाडी आली नाहीं, हें माझें पूर्वपुण्य.

झालें होतें तें असें. स्थिर हवेपेक्षां पाणी सुमारें २५ पट अधिक उष्णता वाहून नेतें. सूत घाम पितें आणि धरून ठेवतें. म्हणजे अंगाभोंवतीं पाण्याचा लेप दिल्यासारखेंच. लोंकर ओलसर झाली तरी बरीचशी ऊब राखते. म्हणून अंगालगत पातळ लोंकरीचें किंवा हल्लीं मिळतें तसें घाम न धरणारें वस्त्र, त्यावर साधा स्वेटर, आणि सर्वांत वर वारा अडविणारें, पुढून उघडणारें पातळ जाकीट, एवढें पुरे. घरून निघतांना पहिलीं दहा मिनिटें थोडें कुडकुडलेंच पाहिजे. दारांतच ऊब वाटली तर समजावें कीं एक कपडा जास्त झाला. चढाला लागण्यापूर्वीं बटणें उघडावींत, माथ्यावर थांबण्यापूर्वींच लावावींत. जाकीट नसेल तर सदऱ्याच्या आंत छातीवर वर्तमानपत्राची घडी सरकवावी. फ्रान्सच्या प्रसिद्ध शर्यतींतील स्वारही घाट उतरतांना हाच उपाय करीत आले आहेत. मी मात्र तो आमच्या गांवच्या दूधवाल्याकडून उचलला.

बोटांचा इलाज मला एका विद्यार्थिनीनें शिकविला. मानव विकास कार्यक्रमांतून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळूं लागल्या, तेव्हांपासून थंडीच्या सकाळीं रानवाटांवर मुलींच्या रांगा दिसूं लागल्या. त्यांतील एक मुलगी हातांत भावाचे जुने पायमोजे घालून येई. अंगठ्यापुरतें भोंक पाडलेलें. वर्गांतल्या मुली हंसल्या. मीं तिचा हात हातांत घेऊन पाहिला, तो ऊबदार होता, इतरांचे बर्फासारखे. पहिल्या तासाला सरळ अक्षर तेवढें तिचें निघे. पुढच्या आठवड्यांत निम्म्या वर्गाच्या हातांत पायमोजे होते, आणि मास्तरांच्याही!

भाच्याशीं माझा खरा वाद झाला तो मफलरावरून. त्यानें कान दुहेरी गुंडाळून घेतले होते. इतरत्र तें चालेल. येथें कान झांकणें म्हणजे अर्धें डोळे मिटून घेण्यासारखें आहे. वानर झाडावरून खेंकसूं लागलें किंवा चितळानें अवचित हांक दिली, तर पुढें कांहींतरी आहे हें आधीं कानाला कळतें. आणि आलापल्ली-आष्टीच्या बाजूस सुरजागडचें लोहखनिज वाहणारे ट्रक मागून येतात, त्यांची चाहूल तर वाघाच्या चाहुलीइतकीच महत्त्वाची. कानांच्या पाळ्या झांकतील अशी पातळ टोपी घालावी. तीमधून ऐकूं येतें.

किरकोळ गोष्टी थोडक्यांत सांगतों. रात्रींच्या गारव्यानें चाकांतली हवा आंखडते, म्हणून ती सकाळीं दाबून पाहावी. थंडींत तहान लागत नाहीं, तरी पाणी प्यावें. खिशांत शेंगदाणे-गूळ असावा. धुकें असेल तर मागें तांबडा दिवा.

भाच्यानें पहिल्या दिवशीं माझें ऐकलें नाहीं. जाकीट घालूनच निघाला, आणि सात-आठ किलोमीटरवर चहाच्या टपरीशीं घामानें निथळत उभा राहिला. काळजीनें मीं त्याचा सदरा बदलविला, माझा स्वेटर त्यास दिला आणि टपरीवाल्याकडून कालचें वर्तमानपत्र मागून घेतलें. पुढचे तीन दिवस तो आनंदानें हिंडला. परत जातांना जाकीट मात्र येथेंच ठेवून गेला. पहाटे अंगणांत शेकोटीशीं बसतांना मी तें घालतों. तेथें तें फार उत्तम काम देतें.