बर्फ खाण्याची सवय आणि रक्तातील लोह



वार्षिक सभेत एखाद्या गंभीर व्याधीविषयी बोलावे, अशी प्रथा आहे. आमचा यंदाचा विषय ऐकून काहींना हसू येईल. बर्फ चावून खाण्याची सवय अपायकारक आहे काय, हा प्रश्न आम्हांस बाह्यरुग्ण विभागात अनेकदा विचारला जातो, आणि विचारणारी व्यक्ती बहुधा स्वतः बर्फ खाणारी नसते. सासू सुनेविषयी विचारते, पती पत्नीविषयी.

वैशाखात अकोल्याचा पारा 45 अंशांच्या घरात जातो. अशा दिवसांत गाडीवरचा गोळा खाल्ला, तर त्यात रोग शोधण्याचे कारण नाही. बर्फाने रोगजंतू मरत नाहीत, एवढे मात्र ध्यानात असावे. अखाद्य बर्फास निळा रंग देण्याचे बंधन राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने 2018 मध्ये घातले, ते याच चिंतेपोटी. दातांचे म्हणाल, तर कडक बर्फ फोडता फोडता दातांवरील कवचास तडे जातात आणि भरलेले दात निखळतात. हा अपाय खरा, पण लहान.

आमची काळजी निराळी आहे. ज्या व्यक्तीस पौषातही बर्फ हवा असतो, जी रात्री उठून फ्रीज उघडते, तिच्या शरीरात बहुधा लोह कमी पडलेले असते. या सवयीचा आणि लोहाच्या कमतरतेचा संबंध चार्ल्स कोल्टमन या अमेरिकन वैद्यांनी 1969 मध्ये मांडला. पुढे 2014 मध्ये पेनसिल्व्हानिया विद्यापीठातील संशोधकांना असे आढळले की, बर्फ चघळल्यावर रक्तक्षय असलेल्या व्यक्तींची मंदावलेली तरतरी परत येते. निरोगी व्यक्तींत तसा फरक पडत नाही. म्हणजे ती सून हट्टी नसते, थकलेली असते.

हे आम्ही अधिकाराने सांगत असलो, तरी एकदा आमचीही चूक झाली आहे. काही वर्षांपूर्वी एक सासूबाई सुनेस घेऊन आल्या. बर्फाचा ट्रे रोज रिकामा होतो, ही त्यांची तक्रार. आम्ही घसा पाहिला, दात पाहिले आणि सवय सोडण्याचा उपदेश करून त्यांना परत पाठविले. काही महिन्यांनी तीच सून धाप लागते म्हणून आली, तेव्हा हिमोग्लोबिन 6 ग्रॅमवर उतरले होते. बर्फाचा उल्लेख जुन्या केसपेपरवर आमच्याच हस्ताक्षरात होता. लोहाचे उपचार सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत तिची बर्फाची ओढ गेली. हिमोग्लोबिन भरून येण्यास मात्र महिने लागले.

वऱ्हाडात ही लक्षणे ‘डोहाळे’ या गोड शब्दाआड सहज लपतात. गर्भवतीने बर्फ मागितला, भिंतीची माती किंवा पाटीवरची पेन्सिल खाल्ली, तर घरात कौतुक होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 मधील पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. कारणे आपल्या अंगणातीलच आहेत: पाळीतील अतिरक्तस्राव, लागोपाठची बाळंतपणे, अनवाणी शेतात राबताना शिरणारे आकडीकृमी, सर्वांना वाढून उरलेले जेवण. त्यावर जेवणापाठोपाठ चहा! चहामुळे अन्नातील लोह अंगी लागत नाही; लिंबाच्या फोडीने ते अधिक लागते.

पुरुषाने किंवा पाळी थांबलेल्या स्त्रीने अशी सवय जडवून घेतली, तर आम्ही अधिक सावध होतो. मूळव्याध, जठरातील व्रण, क्वचित आतड्याचा कर्करोग यांतून नकळत रक्त जात असू शकते. नुसत्या गोळ्या दिल्या, तर हिमोग्लोबिन सुधारते आणि रोग आत वाढत राहतो.

दुसरी सावधगिरी विदर्भापुरती. येथे सिकलसेलचे रुग्ण आहेत, आणि ज्यांना वारंवार रक्त द्यावे लागले त्यांच्या शरीरात लोह आधीच साठलेले असू शकते. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातून मूत्रपिंडाचे रुग्णही आमच्याकडे येतात. त्या विकारातही रक्त कमी होते, पण त्याचे उपचार वेगळे. म्हणून औषधांच्या दुकानातून परस्पर लोहाच्या गोळ्या आणू नयेत. हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनची तपासणी केली, म्हणजे शरीरातील लोहाचा साठा कळतो. ती हिमोग्लोबिनपेक्षा महाग आहे आणि ज्यांना तिची गरज असते, त्यांनाच ती परवडत नाही. देणगीदारांपुढे आज हा विषय ठेवण्याचे हेही एक कारण.

आमच्या केसपेपरवर आता एक ओळ वाढविली आहे: बर्फ, माती, खडू किंवा पेन्सिल खाण्याची इच्छा होते काय? रुग्ण संकोचाने ‘नाही’ म्हणतात. सोबत आलेल्यांनी तेव्हा गप्प राहू नये, आणि घरी त्यावरून रागावूही नये.