चेहरा नसलेले नायक

आज मला बोलावयाचें आहे तें माझ्या कांहीं जुन्या मित्रांविषयीं. ह्या मित्रांना मीं कधीं समक्ष पाहिलें नाहीं, आणि त्यांनीं तर माझें नांवहि ऐकलेलें नव्हतें. तरीहि ते आमच्या उचगांवच्या घरीं कित्येक वर्षें येत असत, आणि आले म्हणजे कोनाड्यांतल्या रेडिओंतून बाहेर न पडतां सारें घर व्यापून टाकीत. नभोनाट्यांतले, श्रुतिकांतले नायक हेच ते माझे मित्र. साठी उलटलेल्या निवृत्त शाळामास्तरानें नटांच्या गोष्टी सांगत बसावें हें कित्येकांना रुचणार नाहीं. पण चाहत्याला वय नसतें, एवढेंच सांगून मी पुढें जातों.

आमचें उचगांव कोल्हापूरच्या अगदीं कुशींत. आणि कोल्हापूर म्हणजे नायकांची खाण! बाबूराव पेंटरांनीं १९२० सालीं ‘सैरंध्री’ पडद्यावर आणली, १९२९ सालीं ‘प्रभात’ कंपनी येथेंच निघाली, आणि पुढें भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांतून घोडे दौडूं लागले. त्यामुळें आम्हां मुलांचा नायक ठरलेला. त्याला छाती हवी, मिशी हवी, कमरेला तरवार हवी. आणि मुख्य म्हणजे मोक्याच्या वेळीं शत्रूच्या अंगावर खणखणीत वाक्य फेकतां आलें पाहिजे. आमच्या खळ्यावरच्या लढायांत हें पद मला कधींच मिळालें नाहीं. तरवार होती, वाक्य नव्हतें. कारण मी तोतरा होतों. ‘हर हर महादेव’ म्हणतांना माझा पहिला ‘ह’ सुटेपर्यंत लढाई संपून मंडळी भाकरी खावयास गेलेली असत.

१९७० च्या सुमारास, मी दहा-अकरा वर्षांचा असतांना, आमच्या आप्पांनीं, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांनीं, गुळाचे पैसे हातीं येतांच रेडिओ घेतला. त्या काळीं रेडिओ ठेवावयाचा तर पोस्टांतून परवाना काढावा लागे. आप्पा तो परवाना सातबाराच्या उताऱ्याशेजारीं जपून ठेवीत. जमिनीइतकाच आवाजहि आपल्या मालकीचा, असा त्यांचा भाव असावा. खरखर पुष्कळ असे. पण खरखरींतूनहि जें आम्हीं कधीं चुकविलें नाहीं, तें मुंबई आकाशवाणीवरचें ‘पुन्हा प्रपंच’.

त्यांत मुख्य माणसें तीन : पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी. बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी हे अनुक्रमें त्यांचे आवाज. पंतांजवळ घोडा नव्हता, तरवार नव्हती. संसारांतल्या रोजच्या कटकटी हीच त्यांची रणभूमि. आणि वहिनींपुढें त्यांचें फारसें चालत नाहीं, असें आम्हां मुलांचें मत होतें. असला हा नायक! तरीहि सारें घर त्यांच्यावर लोभ करी.

आतां गंमत पाहा. पंतांना चेहरा नव्हता, म्हणून तो आम्हांला द्यावा लागला. मीं त्यांना गांवच्या पोस्टमास्तरांचा चेहरा दिला. आजीला ते माझ्या कैलासवासी आजोबांसारखे वाटत. आप्पांच्या मतें पंत त्यांच्या एका वकिलासारखे असावेत. आजी म्हणे, पंतांच्या डोक्यावर टोपी आहे. आप्पा म्हणत, मुंबईचा माणूस टोपी घालीत नाहीं. ह्या टोपीवरून आमच्या घरीं दोन दिवस अबोला होता. एक रेडिओ, पण जितके कान तितके पंत. चित्रपटाचा नायक सगळ्या तालुक्याला एकच. नभोवाणीचा नायक ज्याचा त्यानें घडवावयाचा.

हें सामर्थ्य अंधाराचें आहे. खास नभोवाणीसाठीं लिहिलेलें पहिलें नाटक म्हणून ज्याचा उल्लेख होतो, तें रिचर्ड ह्यूजचें ‘डेंजर’ १९२४ च्या जानेवारींत लंडनहून ध्वनिक्षेपित झालें. तें घडतें कोळशाच्या खाणींत, आणि आरंभींच खाणींतले दिवे जातात! नाटककारानें मोठ्या चतुराईनें पात्रांना आणि श्रोत्यांना एकाच काळोखांत बसविलें. पुढें देशोदेशींच्या नभोनाट्यकारांनीं हाच काळोख वापरला. १९३३ सालीं अमेरिकेंत डेट्रॉइटहून ‘लोन रेंजर’ नांवाचा घोडेस्वार वीर दौडूं लागला. त्याच्या घोड्याला चंदी लागत नसे. नारळाच्या करवंट्या एकमेकींवर आपटल्या कीं टापा, पत्रा हलविला कीं गडगडाट आणि कागद चुरगाळला कीं वणवा. हा खर्च पेंढारकरांना कळविला असता, तर त्यांनीं खचित हेवा केला असता!

परंतु मला त्या नायकांनीं जें दिलें तें निराळेंच. रंगभूमीवरचा नट शेवटच्या रांगेसाठीं बोलतो. नभोवाणीवरच्या नटाचा ध्वनिग्राहक वीतभर अंतरावर असतो, म्हणून तो एकाच कानासाठीं बोलतो. पंत कधीं माझ्या अंगावर ओरडले नाहींत. शाळेंत एक गुरुजी माझी नक्कल करून वर्गाला हसवीत. तेव्हांपासून मीं उत्तर येत असूनहि हात वर करणें सोडलें होतें. घरीं मात्र संध्याकाळीं गोठ्यांत जाऊन मी पंतांचीं वाक्यें, त्यांच्याच संथ लयींत, आमच्या म्हशीला ऐकवीत असें. आश्चर्य असें कीं, पंत होऊन बोलतांना मी अडखळत नसें. म्हैस रवंथ करीत ऐके. इतका सहनशील श्रोतृवर्ग मला पुढें कधींहि लाभला नाहीं.

एकदां आप्पांबरोबर कोल्हापुरांत चित्रपटास गेलों. त्या काळीं मुख्य चित्रपटाआधीं फिल्म्स डिव्हिजनचा माहितीपट दाखवीत. पडद्यावर कुठल्याशा धरणाचें पाणी वाहूं लागलें, आणि मागून आवाज आला तो पंतांचा! कुडतरकर अशा माहितीपटांचें मराठी निवेदनहि करीत, हें मला काय ठाऊक? मी खुर्चीवर उभा राहून ओरडलों, ‘पंत!’ मागच्या मंडळींनीं मला खालीं बसविलें, आप्पांनीं कान पिळला. परंतु परततांना सायकलीच्या दांडीवर मला बसवून आप्पाच म्हणाले, ‘पोरा, तुझा प कुठं अडला न्हाई की रं!’

मी कसाबसा मॅट्रिक झालों आणि, दैवाची थट्टा पाहा, मास्तर झालों. वर्गांत एखादें मूल तोंड उघडेनासें झालें कीं मी दोन बांकांमध्यें चादर बांधीत असें. चादरीमागें मुलें नाटक वाचीत, आणि बाकीचा वर्ग डोळे मिटून ऐके. वर्षभर मान खालीं घालून बसलेली एक मुलगी त्या चादरीमागून राजा होऊन असें बोलली, कीं वर्गानें डोळे उघडून ‘कोण ग ती?’ म्हणून विचारलें. चादरीबाहेर आल्यावर ती पुन्हा अडखळली, हेंहि सांगितलें पाहिजे. पण दुसऱ्या दिवशीं तिनें हात वर केला. मला तेवढें पुरे होतें.

पुढें वर्तमानपत्रांत कुडतरकरांचें छायाचित्र पाहिलें. ते आमच्या पोस्टमास्तरांसारखे मुळींच नव्हते. क्षणभर मला त्यांचाच राग आला! त्यांना पत्र लिहावें, गोठ्यांतली हकीकत कळवावी, असें अनेकदां मनांत आलें. वाटे, एवढ्या मोठ्या माणसाला म्हशीची गोष्ट काय कळवावयाची? सवडीनें लिहूं म्हणतां म्हणतां माझी नोकरी संपली, आणि २०२० सालीं ते गेले. मुलांकडून निबंधांत शेंकडों आभारपत्रें लिहवून घेणाऱ्या मास्तराचें स्वतःचें एक पत्र राहून गेलें. आजचें हें भाषण हेंच तें पत्र समजावें.

श्रोतेहो, मघाशीं तांबडा दिवा लागला तेव्हां माझा पहिला शब्द ओठांशीं क्षणभर थबकला होता; आपल्या ध्यानांत आलें असेल. पण समोर म्हैस आहे अशी मीं कल्पना केली—आपण राग मानूं नये—आणि तो सुटला. आतां आपणहि मला एक चेहरा दिला असेल. तो जरा बरासा द्यावा, आणि डोक्यावर टोपी असावी कीं नसावी, ह्यावरून घरांत भांडूं नये, एवढीच विनंति.