महाकाय घडवताना

(उन्हाळी शिबिरात युवक व पालकांसमोर झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आजचा विषय ऐकून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. खेळातला महाकाय शत्रू कसा रचावा, हा का व्याख्यानाचा विषय? परंतु आपल्या घरातील तरुण मुले ज्या खेळात तासन्तास रमतात, त्यातील शत्रू कसा घडतो आणि त्याच्याशी झुंजताना मनावर कोणता संस्कार होतो, याचा विचार आपण केलाच पाहिजे.

उदाहरण म्हणून मी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ घेतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो. तो प्रसंग वर्णन करतो आणि शत्रूच्या वतीने बोलतो. बाकीचे योद्धा, मांत्रिक, चोर अशा भूमिका घेतात. काय करायचे ते तोंडी सांगायचे आणि ते साधले की नाही, याचा कौल फाशाने द्यायचा. शब्द आणि कल्पनाशक्ती हेच या खेळाचे खरे भांडवल.

१९७७ साली प्रसिद्ध झालेल्या या खेळाच्या राक्षसकोशात महाकायांचे सहा प्रमुख प्रकार आढळतात : टेकडीवासी, पाषाण, हिम, अग्नी, मेघ आणि झंझावात. यांपैकी हिम व अग्नी महाकायांचे मूळ उत्तर युरोपातील प्राचीन नॉर्स पुराणकथांत आहे. आइसलंडच्या स्नोरी स्टुर्लुसनने तेराव्या शतकात त्या कथा ग्रंथबद्ध केल्या. त्यांतील अग्निलोकाचा सुर्त्र हा या खेळात अग्निमहाकायांचा देव होऊन बसला.

नवखा रचनाकार महाकाय रचायला बसला की पहिली गोष्ट करतो ती उंची वाढवण्याची. येथे विज्ञान आडवे येते. माणूस तिप्पट उंच, त्याच प्रमाणात तिप्पट रुंद आणि तिप्पट जाड केला, तर त्याचे वजन सत्तावीसपट होते. हाडांचा छेद मात्र नऊपटच वाढतो. म्हणजे हाडाच्या प्रत्येक चौरस इंचावर तिप्पट भार येतो. गॅलिलिओने १६३८ साली आपल्या ग्रंथात हे तत्त्व मांडले. जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९२६ च्या एका निबंधात साठ फुटी महाकायाचे उदाहरण घेऊन दाखवले की, असा प्राणी पाऊल टाकताच त्याच्या मांडीचे हाड मोडेल. हे हॉल्डेन पुढे १९५७ साली भारतात आले, भारतीय नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे त्यांनी देह ठेवला. खेळात जादू असते, म्हणून हाडे मोडत नाहीत, हे खरे. तरीही अग्निमहाकायाला बुटक्या खुजांसारखा ठेंगणा-ठुसका, रुंद बांधा दिलेला आहे, तेव्हा तो डोळ्यांना पटतो.

दुसरी गोष्ट बळाची. २०१४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीत टेकडीवासी महाकायाच्या सोट्याचा एक फटका सरासरी अठरा गुणांची इजा करतो, आणि एका पाळीत तो असे दोन फटके मारू शकतो. नवख्या योद्ध्याची सहनशक्ती साधारण बारा गुणांची! म्हणजे समोरासमोर भिडणे हा आत्मघातच. परंतु त्याच नोंदीत त्याच्या बुद्धीला केवळ पाच गुण आहेत. सामान्य माणसाची बुद्धी दहा मानलेली असते. मित्रहो, रचनाकाराचे खरे कौशल्य या दोन आकड्यांमधील अंतरात आहे. बळाने एक दार बंद केले, तेव्हा बुद्धीचे दुसरे दार उघडे ठेवले. त्याला फसवा, खाऊ घाला, अडचणीच्या वाटेवर गाठा. पण एकटे धावून जाऊ नका. जो संघ मिळून विचार करतो, तोच तरतो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, ती म्हणजे शत्रूचे घर. गायगॅक्स यांनी १९७८ साली महाकायांवर तीन साहसकथा प्रसिद्ध केल्या. पहिलीत टेकडीवासी सरदाराच्या लाकडी गढीत मेजवानी चालू आहे; सैपाकघर आहे, दासदासी आहेत, आणि तळघरात गुलामांनी बंड पुकारले आहे. एवढा तपशील मिळताच खेळाडू केवळ तलवार परजत नाहीत. ते विचारतात : हे बंडखोर आपले मित्र होतील का? या टोळ्यांना कोण फूस देत आहे? शत्रूला घर दिले, की खेळाडूला विवेक वापरावा लागतो.

२०१६ च्या ‘स्टॉर्म किंग्ज थंडर’ या साहसकथेत हे सूत्र आणखी पुढे गेले. महाकायांच्या समाजाची परंपरागत उतरंड कोसळते आणि प्रत्येक कुळ आपापल्या परीने श्रेष्ठत्व मिळवू पाहते. टेकडीवासियांची सरदारीण गूह ठरवते की सर्वांत मोठे व्हायचे ते खाऊन. मग आसपासच्या गावांचे धान्य आणि गुरे तिच्या पोटात जाऊ लागतात. हास्यास्पद वाटते ना? पण तिची भूक समजली, की तिची पुढची चाल समजते.

आपल्याला हे नवे नाही. वाल्मीकींचा कुंभकर्ण आठवा. झोपेतून उठवल्यावर तो आधी रावणाला त्याची चूक सुनावतो आणि मग भावासाठीच रणांगणात उतरतो. त्याचा देह पर्वतप्राय आहे; पण तो शतकानुशतके आपल्या स्मरणात राहिला तो या अंतर्द्वंद्वामुळे. त्याच्याशी युद्ध अटळ होते, तरी त्याचे बोल कवीने गाळले नाहीत.

एखादी संपूर्ण जमातच जन्मतः दुष्ट दाखवावी का, हा प्रश्न या खेळाच्या जगातही गाजला. २०२० साली त्याच्या प्रकाशकांनी काही जमातींचे असे सरसकट चित्रण बदलण्याचे जाहीर केले. यावर मतभेद आहेत आणि राहतील. माझे म्हणणे एवढेच की, विचार न करता मारता येईल असा शत्रू रचणे सोपे असते. पण त्यातून खेळाडूच्या हाती फक्त फासा उरतो. शत्रूच्या कृत्याचा निषेध करण्यासाठीही तो तसा का वागतो, हे जाणावे लागते. हे जाणणे म्हणजे दुबळेपणा नव्हे.

म्हणून युवकांनो, पुढच्या वेळी महाकाय रचाल तेव्हा उंची आणि सोटा शेवटी लिहा. तो कोठे राहतो, काय खातो, कोणाला भितो, कशाचा अभिमान बाळगतो आणि कोणत्या अटीवर माघार घेईल, ही पाच उत्तरे आधी लिहा. आणि पालकहो, मुले खेळायला बसली की एकदा त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, “अरे, त्या महाकायाला हवे तरी काय होते?” मुलाला याचे उत्तर देता आले, तर तो खेळ त्याला काही शिकवतो आहे, असे खुशाल समजा.