पहिल्या पानावर कोण?

(विद्यार्थ्यांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. मॅट्रिक झालो नि गोदीत लागलो. मग विद्यापीठाच्या मोबाईल अ‍ॅपवर मी काय बोलणार? बोलणार. कारण घरात धड चालणारा मोबाईल एकच, तो माझा. आणि बहीण बी.ए.ला आहे.

परीक्षेचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस. ओटीपी येणार माझ्या नंबरावर आणि मोबाईल पाळी सुटेपर्यंत गेटावर जमा. रात्री घरी आलो तर पोरगी जेवली नव्हती. बसलो. फोटो मोठा आहे म्हणून अ‍ॅपनं नाकारला. लहान करतोय तोवर बाहेर फेकलं. पुन्हा ओटीपी, पुन्हा पहिल्यापासून. बारा वाजले. विलंब शुल्कात माझी एका दिवसाची हजेरी गेली.

त्या अ‍ॅपच्या पहिल्या पानावर काय आहे? साहेबांचा फोटो. समारंभाचे हारतुरे. फॉर्म कुठाय? आत, आत, आणखी आत. शिष्यवृत्ती कुठं अडली? ते सांगायला जागाच नाही. आणि सगळं इंग्रजीत.

आता म्हणे नवं अ‍ॅप करणार. रंग बदलून आमचं काय भलं होणार? अडकलेल्या पैशानं माणूस कुठं जातो ते ठाऊक आहे ना? रोहित वेमुलानं जानेवारी २०१६ मध्ये जाताना थकलेल्या फेलोशिपचा हिशेब लिहून ठेवला : सात महिने, १ लाख ७५ हजार.

बाबासाहेबांनी १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज काढलं, तेव्हा वर्ग सकाळी ठेवले. पोरांना पुढं नोकरी गाठायची होती. वेळापत्रकापुढं पोरं वाकवली नाहीत, पोरांसाठी वेळापत्रक वाकवलं. अ‍ॅपही तसंच करा.

पहिल्या पानावर शेवटची तारीख, बाकी फी आणि शिष्यवृत्ती कोणत्या टेबलावर अडली ते मराठीत दाखवा. अर्धा भरलेला फॉर्म जपून ठेवा. फोटो अ‍ॅपनंच लहान करावा. ओटीपीला दुसरा नंबर चालू द्या. ज्याच्याकडं मोबाईलच नाही त्याच्यासाठी कॉलेजातली खिडकी उघडी ठेवा. आणि अ‍ॅप ठरवायला बसाल तेव्हा रात्र कॉलेजातली पोरं, वसतिगृहातल्या पोरी सोबत घ्या. त्यांच्या हातातल्या जुन्या, तडकलेल्या मोबाईलवर आधी चालवून बघा.

गोदीत नवी क्रेन आली की आधी वजन उचलून बघतात, मगच कामाला लावतात. इथं मात्र थेट आमच्या पोरांच्या वर्षावर प्रयोग!

निवेदन तयार आहे. सही करूनच उठा.