टक्के नकोत, उरलं किती ते सांगा



गेल्या महिन्यात आपल्या प्रभागसंघाच्या बैठकीत एक विषय निघाला आणि अर्धवट राहिला. एक विक्रेता औषधाच्या बाटलीसारखी बाटली घेऊन आला होता. त्याचं म्हणणं असं, की यातले जंतू कारखान्याचं सांडपाणी साफ करतात आणि वर तेलही तयार करून देतात. गटांनी मिळून कर्ज काढायचं, टाकी बसवायची, ओढा सुधारेल आणि तेल विकून हप्ते फिटतील. बऱ्याच जणींना ते पटलं, आणि ते साहजिक आहे. ओढ्याकाठच्या विहिरीवरून पाणी आपणच भरतो, जनावरंही तेच पितात. येत्या बैठकीत ठराव व्हायचा आहे. त्याआधी यात खरं काय आणि किती, ते आज पाहू.

जंतू पाणी साफ करतात, हे खरं आहे आणि जुनं आहे. १९१४ साली इंग्लंडमधल्या मँचेस्टरला दोन संशोधकांनी सांडपाण्यात हवा सोडून, जंतूंनी भरलेला गाळ पुन्हा पुन्हा वापरून पाणी साफ करून दाखवलं. आज अनेक कारखान्यांत आणि शहरांत सांडपाणी प्रक्रियेचे जे प्रकल्प आहेत, त्यात हीच पद्धत चालते. आपण ज्याला घाण म्हणतो ती साखर, पीठ, दुधाचा अंश, तेलाचा तवंग हे जंतूंचं अन्न असतं. ते खातात, वाढतात, त्यांचा गाळ खाली बसतो आणि वरचं पाणी निवळतं.

जंतू तेल करतात, हेही खरं. काही यीस्ट, काही बुरशा आणि काही शेवाळं आपल्या पेशीत चरबी साठवतात. सुकवल्यावर ज्यांच्या वजनात निदान २० टक्के तेल निघतं, त्यांना तेलाचे जंतू म्हणतात. काहींमध्ये ते ७० टक्क्यांपर्यंतही जातं. पण ते केव्हा साठवतात, हे महत्त्वाचं. समजा घरात भाकरी भरपूर आहे, पण डाळ, दूध, अंडी काहीच नाही. पोट भरतं, अंगावर चरबी चढते, पण अंग भरत नाही. या जंतूंचंही तसंच. साखर किंवा तेल भरपूर आणि नत्र कमी पडलं, की त्यांना नवीन पेशी करता येत नाहीत. मग आलेलं अन्न ते तेलाच्या थेंबांच्या रूपात साठवून ठेवतात. म्हणजे पाण्यात काय आहे आणि काय नाही, याचा मेळ बसला तरच तेल. कुठल्याही सांडपाण्यात बाटली ओतली आणि तेल निघालं, असं होत नाही. विरजण चांगलं असून चालत नाही, दूधही कोमट लागतं, हे आपल्याला सांगायला नको.

आता आपल्या जवळचंच एक उदाहरण देते. मुंबईच्या समुद्रातून एक यीस्ट वेगळं काढलेलं आहे. त्याचं नाव यारोविया लिपोलिटिका. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत जंतूंचा जो संग्रह आहे, त्यात ते ३५८९ क्रमांकाने जपलेलं आहे. तेलकट पदार्थ फोडून खाणं ही त्याची खासियत, आणि यारोविया हे तेल साठवणाऱ्या यीस्टपैकीही एक आहे. भारतातल्या एका पाम तेलाच्या कारखान्याच्या सांडपाण्यावर त्याचा प्रयोग झाला आणि तो २००२ साली प्रसिद्ध झाला. दोन दिवसांत घाण सुमारे ९५ टक्के कमी झाली.

९५ टक्के म्हटलं की आपल्याला वाटतं, झालं काम. पण मैत्रिणींनो, आपण गटाचा हिशोब करतो तसा हाही करू. पाण्यातली घाण जाळायला किती प्राणवायू लागेल, यावरून ती मोजतात. त्याला सीओडी म्हणतात. त्या पाण्याचा सीओडी होता लिटरमागे सुमारे अडीच लाख मिलिग्रॅम. त्यातले ९५ टक्के गेले, तरी उरले साडेबारा हजार. नदीनाल्यात पाणी सोडायला आपल्याकडची सर्वसाधारण मर्यादा आहे २५०. म्हणजे ९५ टक्के साफ झालेलं पाणीसुद्धा मर्यादेच्या पन्नास पट होतं. त्याच प्रयोगात पुढे रसायन वापरलं, बागेतल्या मातीतल्या जंतूंचीही मदत घेतली, आणि आकडा १,५०० वर आला. एकूण ९९ टक्के कमी. तरीही मर्यादेच्या सहा पट. यात त्या यीस्टचा काही दोष नाही, त्याने फार मोठं काम केलं. पण पहिल्या टप्प्याच्या कामाला पूर्ण काम म्हणायचं नाही.

आता तेलाची बाजू. तेल पाण्यावर तरंगत नाही, ते पेशीच्या आत असतं. आधी पेशी पाण्यातून वेगळ्या करायच्या, मग त्या फोडायच्या, मग तेल काढायचं. शिवाय टाकीत सतत हवा सोडायची, म्हणजे वीज आली. यंत्रं, वीज आणि जाणकार माणूस यांचा खर्च धरल्याशिवाय नफा मांडता येत नाही. आणि हे तेल खायचं नाही. सांडपाण्यात जड धातू असतील तर जंतू त्यांना नाहीसे करत नाहीत. ते पाण्यातून गाळात, पेशीत जातात. अशा तेलाचा उपयोग बायोडिझेल, वंगण अशा कामांसाठी. बाळाच्या दुधाच्या डब्यावर 'डीएचए' लिहिलेलं असतं, ते बऱ्याचदा सूक्ष्म शेवाळाच्या तेलातून येतं. पण ते शेवाळ बंद टाक्यांत, स्वच्छ अन्नावर वाढवलेलं असतं. दोन्हींची गल्लत करू नका.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आता सांगते. कारखान्याचं सांडपाणी साफ करायची जबाबदारी कारखान्याची आहे. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याप्रमाणे त्याला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र घ्यावं लागतं. बाहेर पडणारं पाणी कसं असावं, हे त्या पत्रात आकड्यांत लिहिलेलं असतं. ते पत्र आणि पाण्याच्या तपासणीचे अहवाल माहितीच्या अधिकारात आपल्याला मागता येतात. मग आपल्या बचतीवर कर्ज काढून दुसऱ्याची घाण का साफ करायची? जंतू वापरायचे तर कारखान्याने वापरावेत, जरूर वापरावेत, आणि निकाल आपल्याला दाखवावा.

म्हणून बैठकीत पाच प्रश्न विचारा. आतापासूनच वहीत लिहून ठेवा. पहिला, बाटलीत नेमका कोणता जंतू आहे आणि तो कोणत्या कारखान्याच्या पाण्यावर तपासला? दुसरा, सुरुवातीचा आकडा किती आणि शेवटी उरला किती? टक्के नको, मिलिग्रॅममध्ये सांगा. तिसरा, तपासणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत झाली का, अहवाल कुठे आहे? चौथा, उरलेला गाळ कुठे टाकणार? पाचवा, तेल कोण घेणार? त्याचं लेखी पत्र दाखवा. पाचांची उत्तरं कागदावर मिळेपर्यंत अंगठा नाही, सही नाही.

आणि आपल्या हातातलं एक काम. आपल्यातल्या काही गटांचं फरसाण आहे, काहींची खानावळ आहे. तळणीचं जळकं तेल मोरीत ओतू नका. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये तळणीच्या तेलाला मर्यादा घातली. वारंवार तापून त्यातली 'पोलर संयुगं' २५ टक्क्यांच्या वर गेली, की ते तेल स्वयंपाकाला चालत नाही. त्याच वर्षी 'रुको' नावाचा उपक्रम सुरू झाला. त्यात असं तेल गोळा करून बायोडिझेलसाठी दिलं जातं. चार-पाच गटांनी मिळून एक झाकणाचा डबा ठेवला आणि अधिकृत गोळा करणाऱ्याला दिलं, तर ते तेल ओढ्यातही जात नाही आणि कुणाच्या कढईतही परत येत नाही. त्याला जंतू नकोत आणि कर्जही नको.

प्रत्येक गटाच्या सचिवताईंनी हे पाच प्रश्न या आठवड्याच्या बैठकीत वाचून दाखवा आणि इतिवृत्तात लिहा. सहावा प्रश्न सुचला तर मला कळवा, आपण तोही विचारू. नमस्कार.