सायकलची चामडी बैठक

खोगीर हा शब्द मराठीत घोड्यावरून उतरून फार पूर्वीच वाक्प्रचारात जाऊन बसला. ज्या भरीला वजन आहे पण उपयोग नाही, तिला खोगीरभरती म्हणण्याची रीत आहे. सायकलची बैठक निवडताना हा शब्द आठवणे हिताचे ठरते. ग्राहक दुकानात येतो, मांडून ठेवलेल्या बैठका अंगठ्याने दाबून पाहतो आणि जी अधिक मऊ लागेल ती घेऊन जातो. अंगठ्याने दिलेला हा निकाल घराच्या कोपऱ्यापर्यंत खरा वाटतो. पंधरा-वीस किलोमीटरांनंतर मात्र शरीर तो फिरवते.

याचे कारण माणसाच्या देहरचनेत आहे. बसलेल्या माणसाचा भार मांसावर पडावा अशी निसर्गाची योजना नाही. श्रोणीच्या तळाशी दोन बाजूंना जी दोन गोलसर हाडे असतात, ज्यांना आसनास्थी म्हणतात, त्यांच्यावर तो भार पडला पाहिजे. या दोन हाडांच्या मधल्या भागातून नाजूक मज्जातंतू व रक्तवाहिन्या जातात. अतिमऊ बैठकीत हाडे भरतीत रुततात, आणि दाबलेली भरती मधल्या मोकळ्या जागेत वर येऊन नेमक्या त्याच नाजूक भागाला दाबते. मुंग्या येणे, बधिरता वाटणे ही त्याची लक्षणे होत. ती सवयीने जातील असे समजून सोसत राहणे शहाणपणाचे नाही.

खऱ्या चामडी बैठकीत भरती मुळीच नसते. सुमारे पाच मिलिमीटर जाडीचे चामडे भिजवून साच्यावर दाबतात, आकार धरल्यावर सुकवतात, आणि मागची पोलादी कमान व पुढचे टोक यांवर रिव्हेटांनी पक्के ठोकतात. मध्ये खालून आधार नसतो. घट्ट विणलेल्या बाजेप्रमाणे हे चामडे दोन टोकांमध्ये ताणलेले राहते, आणि पुढच्या टोकाखालील बोल्ट पान्याने फिरवून त्याचा ताण कमीअधिक करता येतो. सैल बाजेवर झोपणाऱ्याची पाठ सकाळी धरते. बैठकीचेही तसेच आहे.

या रचनेचा इतिहास घोड्याच्या सामानाशी जोडलेला आहे. जॉन बोल्टबी ब्रुक्स या गृहस्थाने १८६६ साली इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरी घोड्यांच्या चामडी साजाचा व्यवसाय मांडला. १८७८ साली त्याचा घोडा मेला, तेव्हा कामावर जाण्यासाठी त्याने सायकल मागून आणली; तिची बैठक त्याला इतकी जाचली की, त्याने स्वतःच दुसरी घडविण्याचे मनावर घेतले, अशी हकीकत त्या कारखान्याच्या इतिहासात सांगतात. १८८२ साली त्याने बैठकीचे पहिले पेटंट घेतले. ब्रुक्सची ‘बी-१७’ ही बैठक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आजपर्यंत बनत आली आहे. कारखान्याची मालकी २००२ साली एका इटालियन कंपनीकडे गेली, तरी बैठका बर्मिंगहॅमलगतच्या स्मेदिक येथेच तयार होतात.

आता प्रश्न निवडीचा. बैठक सायकलच्या किमतीवरून निवडायची नसते, तिच्या रंगावरून तर नाहीच. ती स्वाराच्या पाठीवरून निवडायची असते. पाठ जितकी ताठ, तितका अधिक भार बैठकीवर आणि तितकी बैठक रुंद. पाठ जितकी पुढे झुकलेली, तितका भार हातांवर व पायांवर वाटला जातो आणि तितकी बैठक अरुंद. पुढचे सारे नियम या एका नियमातून निघतात.

पहिला प्रकार उभ्या बैठकीच्या सायकलींचा. भारतात काळी, उंच, अठ्ठावीस इंची चाकांची जी सायकल पिढ्यान्‌पिढ्या चालली, ती मूळ इंग्रजी घाटाची. १९५१ साली सोनीपत येथे ॲटलस आणि १९५६ साली लुधियानात हीरो हे कारखाने निघाले आणि हा घाट खेडोपाडी पोहोचला. टपालवाला, दूधवाला, मुंबईचा डबेवाला अशा कष्टकऱ्यांचे संसार तिच्यावर चालले. या सायकलवर स्वार खुर्चीत बसावा तसा ताठ बसतो. रस्त्याचा प्रत्येक धक्का सरळ कण्याकडे जातो. म्हणून तिला सुमारे एकवीस सेंटिमीटर रुंदीची, खाली जाड स्प्रिंगा असलेली बैठकच योग्य. ती वजनाने जड असते, पण जिथे कॅरिअरवर दुधाच्या बरण्या आहेत तिथे त्या वजनाची तक्रार कोण करणार?

दुसरा प्रकार लांबच्या प्रवासाच्या सायकलींचा. येथे हँडल व बैठक जवळजवळ एका उंचीवर असतात आणि पाठ मध्यम कलते. सतरा सेंटिमीटरांच्या आसपास रुंदीची, स्प्रिंगा नसलेली बैठक हिला मानवते. बी-१७ ही याच जातीची. लहान चाकांच्या, घडी घालता येणाऱ्या सायकलींना धक्के अधिक बसतात. त्यांना हीच रुंदी, पण स्प्रिंगांसह, बरी पडते.

तिसरा प्रकार शर्यतीच्या सायकलींचा. हँडल खाली, पाठ जवळजवळ आडवी, पायांची गती मोठी. रुंद बैठक येथे मांड्यांना घासते आणि स्प्रिंगा पायांचे बळ फुकट खातात. म्हणून पंधरा-सोळा सेंटिमीटरांची, लांबट आणि ताठ बैठक लागते. शर्यतवाल्यांनी पुढे हलक्या प्लास्टिक कवचाच्या बैठका पत्करल्या, पण रुंदीचा हिशेब तोच राहिला. डोंगरवाटांच्या सायकलीवर मात्र स्वार वारंवार पायडलांवर उभा राहतो, चिखलपाणी उडते. तिथे चामड्याचा आग्रह धरू नये.

रुंदीचा हा हिशेब प्रत्येकाला घरी करता येतो. कठीण स्टुलावर पन्हळी पुठ्ठ्याचा तुकडा ठेवून त्यावर क्षणभर दाबून बसावे. उठल्यावर पुठ्ठ्यात दोन खळगे दिसतात. त्यांच्या मध्यबिंदूंमधील अंतर बहुधा दहा ते चौदा सेंटिमीटर भरते. स्त्रियांमध्ये ते सर्वसाधारणपणे अधिक असते. ही दोन्ही हाडे चामड्याच्या ताणलेल्या भागावर टेकली पाहिजेत, मागच्या पोलादी कमानीवर नव्हे. म्हणून बैठकीची रुंदी या अंतरापेक्षा काही सेंटिमीटरांनी जास्तच असावी लागते. उंच माणसाची हाडे दूर व ठेंगण्याची जवळ, असा काही नियम नाही. तेव्हा नुसत्या नजरेने अंदाज बांधू नये.

बैठक योग्य निवडली तरी ती नीट बसवली नाही तर व्यर्थ. टाच पायडलवर ठेवली असता, पायडल तळाशी असताना, पाय सरळ व्हावा ही उंचीची जुनी खूण आजही उपयोगी आहे. बैठकीचे टोक समपातळीत किंवा किंचित वर असावे. ते खाली झुकले तर स्वार पुढे घसरत राहतो आणि मनगटे दुखतात. फार वर गेले तर टाळायचा तोच दाब ओढवतो.

नवी चामडी बैठक प्रथम कठीणच लागते. कोल्हापुरी चपलेशी ज्याची ओळख आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. तीही सालीने कमावलेल्या चामड्याचीच; पहिले काही दिवस चावते, मग पायाचा ठसा घेते आणि पुढे दुसऱ्याच्या पायाला होत नाही. बैठकही काहीशे किलोमीटरांत स्वाराच्या हाडांचे दोन उथळ खळगे धरते आणि त्याची होऊन जाते. चपलेला तेल पाजून मऊ करण्याची रीत मात्र येथे लावू नये. चपलेखाली जमीन असते, बैठकीखाली काहीच नसते. तेल पिऊन सैल झालेले चामडे भार पेलत नाही, झोळ धरते. चरबी व मेण यांचे खास मलम वरून व खालून अगदी पातळ हाताने, तेही क्वचित, लावावे. बोल्टही चामडे खरोखर सैल पडले तरच, एका वेळी पाव फेरा, इतकाच फिरवावा. नाहीतर चामडे रिव्हेटांपाशी फाटते.

खरा शत्रू पाऊस. कोकणात किंवा मलबारात आषाढ-श्रावणात चामड्यावर बुरशी धरते. भिजलेल्या बैठकीवर बसून सायकल चालवली की चामडे कायमचे ताणले जाते. वरून आच्छादन आणि मागच्या चाकाला पुरता मडगार्ड, म्हणजे खालून उडणारे पाणी लागणार नाही, एवढी तजवीज करावी. तरीही भिजलीच तर सावलीत, वाऱ्यावर वाळवावी. चुलीजवळ किंवा उन्हात ठेवू नये. ज्यांना तत्त्वासाठी चामडे वर्ज्य आहे त्यांच्यासाठी त्याच ब्रुक्स कारखान्याने २०१३ साली रबर व सुती कापडाची ताणलेली बैठक काढली. तत्त्व रचनेत आहे, केवळ चामड्यात नाही.

या देशात सायकल घाऊक खरेदी करून वाटण्याचा प्रघात मोठा आहे. बिहार राज्याने २००६ साली शाळकरी मुलींना सायकली देण्याची योजना सुरू केली आणि त्या सायकलींवरून मुली दूरच्या शाळांत जाऊ लागल्या. अशी सायकल हाती येते तेव्हा बैठक एकाच मापाची आणि कारखान्यातून निघाली त्याच उंचीवर असते. तेरा वर्षांची मुलगी आणि पन्नाशीचा टपालवाला यांची हाडे एका मापाची नसतात. प्रत्येकाला चामडी बैठक देणे कोणत्याही खजिन्याला परवडणार नाही. पण सायकल देताना एक पाना हाती घेऊन उंची आणि टोक त्या त्या स्वारासाठी जुळवून द्यायला पाच मिनिटे पुरतात. बैठक टोचते म्हणून सायकल कोपऱ्यात पडून राहिली, तर शाळा पुन्हा पूर्वीइतकीच दूर होते.